जर्मनीस निघण्यापूर्वी

रत्नागिरीच्या माणसास घर सोडणे नवे नाही. आगबोटीच्या काळी तो वळकटी बांधून मुंबईस निघे, तेव्हा गाठीस फारसा पैसा नसला तरी अडत नसे. कारण परळ-लालबागच्या एखाद्या चाळीत गावची खोली असे. तेथे पथारीपुरती जागा मिळे, गिरणीत कोणाची तरी ओळख निघे, आणि नवखा चुकला तर त्यास रागे भरणारा वडीलधाराही तेथेच भेटे. आज त्याच घरांतून एखादी मुलगी परिचारिका म्हणून, एखादा मुलगा वीजतंत्री म्हणून जर्मनीस जाण्याचा विचार करीत आहे. तेथे गावची खोली नाही. ती खोली जे काम करी, ते जाणाऱ्याने निघण्यापूर्वी रत्नागिरीतच उरकून घ्यावयास हवे.

या विचारास निमित्तही घडले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने कुशल भारतीयांना द्यावयाच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. परंतु दोन सरकारांचा करार म्हणजे एका मुलीच्या हाती पडलेले नेमणूकपत्र नव्हे. हा भेद घरातील उत्साहात विसरला जातो, आणि मग आंब्याच्या कलमांवर कर्ज काढण्याची भाषा सुरू होते.

‘भाषा काय, तेथे गेल्यावर येईल,’ ही समजूत सर्वांत महाग पडते. मुर्डीचे रघुनाथराव परांजपे १८९६ साली केंब्रिजला गेले व १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. पण इंग्रजी ते येथूनच शिकून गेले होते. जर्मन भाषेच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मानतात, आणि परिचारिकेस तिच्या पदवीची मान्यता मिळण्यासाठी तेथील बहुतेक ठिकाणी बी-२ ही चौथी पायरी चढावी लागते. मान्यता हाती येईपर्यंत तिला मदतनीस म्हणूनच राबावे लागते, आणि वेतनही त्याच मानाचे मिळते. पुणे व मुंबई येथील मॅक्स म्युलर भवनांत या परीक्षा देता येतात. (ज्या पंडिताचे नाव या संस्थांस आहे, त्याने हिंदुस्थानची भूमी कधी पाहिली नाही, हाही एक योगच.) शिवाय परीक्षेची जर्मन वेगळी आणि श्टुटगार्टच्या रुग्णालयातील म्हाताऱ्याची स्वाबियन बोली वेगळी. पुस्तकी मराठी शिकून आलेल्या परक्याने संगमेश्वरी ऐकावी, तशी तिची स्थिती प्रथम होते. तेव्हा परीक्षेपलीकडेही कान तयार केलेला बरा.

दुसरा घोटाळा नावाचा, आणि तो अस्सल महाराष्ट्रीय आहे. शाळेच्या दाखल्यावर व पदविकेवर मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव असते. लग्नानंतर पारपत्रावर पतीचे नाव व सासरचे आडनाव येते. येथे त्यात कोणास नवल वाटत नाही. तेथील कारकुनापुढे मात्र त्या दोन निरनिराळ्या स्त्रिया ठरतात. विवाहनोंदणीचा दाखला, जरूर तर राजपत्रातील नावबदल, आणि त्यांची अधिकृत भाषांतरकाराकडून केलेली जर्मन भाषांतरे जवळ असतील तर महिने वाचतात. सर्व कागदांवर नावाचे एकच इंग्रजी वर्णलेखन असेल तर फारच उत्तम.

दलालाविषयी थोडक्यात सांगता येते. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली त्यास सरकारी नोंदणी करावी लागते आणि उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा, कर वगळता, ३० हजार रुपये ठरलेली आहे. लाखांच्या गोष्टी करणाऱ्याकडे त्याचा नोंदणी-क्रमांक मागावा; पुष्कळदा संभाषण तेथेच संपते. करारपत्र जर्मन भाषेत असेल तर त्याचे भाषांतर वाचल्यावाचून सही करू नये.

घरभाड्याचे तेथे दोन प्रकार आहेत: ‘थंड’ भाडे म्हणजे नुसत्या जागेचे, ‘उबदार’ भाडे म्हणजे तापविणे, पाणी इत्यादी खर्चासह. जाहिरातीत थंड आकडा पाहून हुरळून जाणारे पुष्कळ असतात. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून अधिक मागता येत नाही, व ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूस कायद्याने हक्क आहे. बिऱ्हाड केल्यापासून दोन आठवड्यांत नगरकचेरीत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. जो मालक असे पत्र देण्यास कां-कू करतो, त्याची खोली स्वस्त असली तरी घेऊ नये. घरात रेडिओ असो वा नसो, दर घरामागे महिन्यास सुमारे १८ युरो ध्वनिक्षेपण-वर्गणी मात्र द्यावीच लागते; आकाशवाणीच्या श्रोत्यांस हे ऐकून मौज वाटेल.

डिसेंबरात तेथे सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. रविवारी दुकाने बंद. शनिवारी रात्री पोहोचणाऱ्याच्या पेटीत दोन दिवसांचे पोहे व मेतकूट असावे. आईने दिलेली साजूक तुपाची बरणी मात्र जकातीवर काढून घेतील, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ व मांस नेण्यास प्रवाशास बंदी आहे. हापूसलाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. सुकी मासळी २० किलोपर्यंत चालते, आणि नारळास कसलीच आडकाठी नाही.