आजींची मिश्री आणि एक गुपित



दातांवरचं कीटण काढता काढता डेंटल हायजिनिस्टचा हात थांबतो. खुर्चीतल्या आजींच्या खालच्या ओठाच्या आत, हिरडीलगत, पांढरा चट्टा आहे. कापसाने पुसला तरी जात नाही. आजी हळूच म्हणतात, “मिश्री लावते गं. पण सुनेला सांगू नकोस हं.”

मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. असा चट्टा पुढे कर्करोगाचं रूप घेऊ शकतो. मग गुपित राखायचं, की आजींचं भलं पाहायचं?

टॉम बोशांप आणि जेम्स चिल्ड्रेस यांनी १९७९ साली वैद्यकीय नीतिशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात चार तत्त्वं मांडली: रुग्णाच्या निर्णयाचा मान, अपाय न करणं, हित साधणं आणि न्याय. यांतली दोन समोरासमोर आली की खरी कसोटी लागते.

इथे वाट निघते. सुनेला सांगायचं नाही. तो हक्क आजींचा. पण चट्टा दंतवैद्यांना दाखवायचाच, आणि तसं आजींना आधी सांगायचं. भारतातल्या १९४८च्या दंतवैद्यक कायद्याने हायजिनिस्टचं काम ठरवलं, ते दात साफ करणं आणि मुखस्वच्छता शिकवणं. निदान तिचं नव्हे. पण दिसलेलं दडवणं हाही अपायच. म्हणून ती न रागावता आजींच्या हाती आरसा देते, चट्टा दाखवते, मिश्री कशी सोडता येईल ते सांगते आणि केसपेपरवर नोंद करते.

श्रोतेहो, तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तर जरूर तपासून घ्या.