जीपचा हाफ शाफ्ट



कापूस-ज्वारीचं आपण नेहमीच बोलतो. आज जीपचं बोलू. पावसाळ्यात गावातल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. दवाखान्याला निघालो आणि आमची जुनी फोर-व्हील जीप नाल्याच्या काळ्या चिखलात रुतली. चाकं पूर्ण वळवलेली, त्यात आम्ही रेस दिली. पुढून 'कडाक्' झालं. डावा हाफ शाफ्ट सांध्यात तुटला. एक तुटला की डिफरन्शियल सगळा जोर त्याच मोकळ्या बाजूला सोडतं, उजवं धड चाकही ओढत नाही. बैलजोडीनं ओढून काढली, मग मागच्या चाकांवर पोचलो. बाई सुखरूप सुटली.

शाफ्ट आम्ही अंगणातच बदलला. मागे दगड लावा, पुढे ठोकळे द्या; नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. चाक, फ्लँज, लॉकनट, हब उतरवा. ब्रेक प्लेट तारेनं टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. स्टब निघाला की शाफ्ट बाहेर येतो. गाठीतलं जुनं ग्रीस लोखंडाच्या कणांसकट पुसा, ऑइल सील नवं घाला.

डावा-उजवा शाफ्ट सारखा नसतो, कारण डिफरन्शियल मधोमध नाही. जुना सोबत न्या, लांबी मोजा, दाते मोजा. आम्ही नेला नाही, एक खेप फुकट गेली.

दोष तसा आमचाच. डांबरी रस्त्यावरही पुढचा गिअर लागलेलाच राहायचा. वळणावर पुढची-मागची चाकं सारखी फिरत नाहीत, तो पीळ शाफ्ट खातो. आता त्या दांडीला लाल फडकं बांधलंय.