पट्टी घेतल्यावर माणूस बसला की उभा राहिला?
(वसंत व्याख्यानमाला, गंगाखेड)



समोरची निम्मी मंडळी मला 'मुनीमजी' म्हणून ओळखतात. 1984 साली मी मोंढ्यात एका अडत दुकानावर रोजमेळ लिहायला बसलो आणि 36 वर्षं त्याच गादीवर होतो. साठी उलटल्यावर माझी पहिली कादंबरी छापून आली. तेव्हापासून लोक विचारतात, मुनीमजी, आकडे सोडून अक्षरांकडे कसे काय वळलात? आयोजकांनीही आज हाच विषय दिला आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मी काहीच सोडलेलं नाही. उलट मोंढा बाजूला ठेवून लिहीत होतो तोवर माझ्या हातून एक पान धड उतरलं नाही.

गंगाखेडात लिहिण्यावर बोलायचं तर सुरुवात जनाबाईपासूनच करावी लागते. इथली लेक, पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबली. दळण, कांडण, पाणी, शेण्या. तिच्या नावावर सुमारे 350 अभंग आहेत आणि त्यांत हे सगळं काम जसंच्या तसं आलेलं आहे. जातं आहे, उखळ आहे, आणि तिचा विठ्ठल तिथेच येऊन कामाला हात लावतो. आपण दर वर्षी तिच्या मंदिरात जातो, नमस्कार करतो. लिहिणाऱ्यानं मात्र तिच्याकडून एक गोष्ट उचलावी. कामाची लाज तिच्या एकाही शब्दाला नाही.

मला ती लाज होती. वही काढली की मी दुसराच माणूस व्हायचो. दिवसभर ज्या भाषेत बोललो ती बाहेर चपलांपाशी ठेवायची आणि वाचनालयातल्या पुस्तकांची भाषा अंगावर चढवायची. माझ्या पहिल्या खर्ड्यातला शेतकरी भाव पडल्यावर क्षितिजाकडे बघत राहायचा. मोंढ्यात कुणी क्षितिजाकडे बघत नाही. तिथून क्षितिज दिसतच नाही, पत्र्याची शेडं दिसतात. तो खर्डा एका प्रकाशकाकडे पाठवला. 14 महिने उत्तर आलं नाही आणि मग गठ्ठा न उघडताच परत आला. मी बांधलेली सुतळी तशीच होती. वाईट वाटलं, पुष्कळ वाटलं. पण आज तो गठ्ठा उघडून वाचतो तेव्हा तो छापला गेला नाही याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

मग घडलं ते सांगतो. आमच्या दुकानावर एक म्हातारे मापाडी होते. सगळे त्यांना मामू म्हणत. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण माप कधी चुकलं नाही. जुन्या काळी खळ्यावर पायलीनं धान्य मोजत तेव्हा मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणत असे. लाभ, मग दोन, मग तीन, आणि प्रत्येक आकडा पुढचं माप भरेपर्यंत तोंडात घोळवत ठेवायचा, म्हणजे मधे कुणी हाक मारली तरी मोजणी हुकत नाही. काट्यावर पोती चढायला लागून किती वर्षं झाली, तरी मामू पहिल्या पोत्याला मनातल्या मनात 'लाभ' म्हणायचे. ओठ हललेले मी पाहिले आहेत. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी त्यांना एक प्रकरण वाचून दाखवलं. शेतकऱ्याची तूर विकली जाते आणि तो हिशोबपट्टी घेतो, एवढाच प्रसंग. मामूंनी तंबाखू मळत सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मुनीमजी, पट्टी घेतल्यावर त्यो मानूस हुभा ऱ्हायला का खाली बसला, ते लिवलंच नाई तुमी."

मी गप्प झालो. 30 वर्षं माझ्या हातानं पट्ट्या फाडून दिल्या होत्या. किती हजार, मोजलेल्या नाहीत. आणि माणूस ती घेतल्यावर काय करतो हे मला लिहिता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी बघायला लागलो. पट्टी घेतलेला माणूस बहुतेक वेळा बसतो. दुकानाच्या पायरीवर, एका अंगाला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत येणार नाही असा. आधी पट्टी उलटी धरतो, कारण मागे काही लिहिलं आहे का ते बघायचं असतं. मग वरचा आकडा सोडून नजर एकदम तळाला नेतो. हमाली, तोलाई, घेतलेली उचल, सगळं कापून खाली जे उरतं ते. ज्याला वाचता येत नाही तो शेजारच्याला विचारतो, "खाली काय आलं?" हे तीनच शब्द. अख्ख्या सालाचा प्रश्न या तीन शब्दांत मावतो. त्यानंतर कागदाची चार पदरी घडी, बंडीच्या आतल्या खिशात, वर हात ठेवून एकदा खात्री. मग उठायचं आणि चहा मागायचा. रडणं, ओरडणं, शाप देणं मी फार थोडं पाहिलं. घडी घालताना हात किती वेळ रेंगाळतो त्यावरून मला कळायला लागलं की घरी लग्न आहे की दवाखाना. ते प्रकरण मी नव्यानं लिहिलं. पाच पानांचं दीड पान झालं.

आपल्या परभणीत हे फार मोठ्या माणसानं आधी करून ठेवलं आहे. भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे आपले बी. रघुनाथ. जन्म 1913. पोटासाठी निजाम सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकुनी. कचेरीचा कारभार उर्दूतला, घर मराठीतलं. दिवसभर एका भाषेत खर्डे आणि रात्री दुसऱ्या भाषेत कथा, कविता, कादंबऱ्या. सात कादंबऱ्या लिहिल्या त्यांनी, आणि कथासंग्रहाचं नाव ठेवलं 'साकी'. पुण्या-मुंबईच्या लेखकानं हे नाव ठेवलं असतं तर हौस वाटली असती. बी. रघुनाथांच्या कचेरीतून आणि गल्लीतून तो शब्द चालत आलेला आहे. 7 सप्टेंबर 1953 ला, चाळिशी नुकतीच पुरी झालेली असताना, कचेरीत काम करता करताच ते गेले. 'आडगावचे चौधरी' ही कादंबरी त्यांच्या मागं, 1954 साली आली. मला या माणसाबद्दल बोलताना आजही भरून येतं. मराठवाड्यातल्या प्रत्येक लिहिणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर त्यांचा फोटो असायला हवा असं माझं मत आहे.

कुणी म्हणेल, मुनीमजी, म्हणजे मास्तरनं शाळेवर आणि कंडक्टरनं एसटीवरच लिहायचं का? तसं नाही. श्री. ना. पेंडसे बघा. तेही 1913 चेच. मुंबईत बेस्टमध्ये नोकरी केली आणि लिहिलं ते दापोलीकडच्या आपल्या मुलखावर. पहिली कादंबरी 'एल्गार' 1949 ची, आणि पुढे 'रथचक्र'ला साहित्य अकादमीचा सन्मान मिळाला. नोकरीनं त्यांना मुंबईत ठेवून घेतलं आणि मुलूख लांबून दिसायला लागला. कुणाला काम शब्द देतं, कुणाला लांबचा माळा देतं. इंग्रजीतला जोसेफ कॉनरॅड 20 वर्षं जहाजांवर होता. त्याची पहिली कादंबरी 1895 साली आली तेव्हा तो 37 वर्षांचा होता, आणि इंग्रजी त्याच्या आईची भाषासुद्धा नव्हती.

कधी काम आपल्याला सोडतं. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, मुंबईत कुलाब्याला तोफांच्या कारखान्यात नोकरीला होते. पुस्तकं लिहायची म्हणून नव्हे, शिकारीला म्हणून 1905 साली सिंहगडावर गेले आणि कड्यावरून कोसळले. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. वय तेवीसच्या आसपास. अंथरुणाला खिळलेल्या त्या तरुणानं वाचायला घेतलं, मग लिहायला घेतलं, आणि 1908 साली 'प्रेमवेडा' ही पहिली कादंबरी आली. नंतर 'वीरधवल' घरोघर वाचली गेली. आमच्या आजीच्या पेटीत तिची पानं सुटलेली एक प्रत होती. मी ती वाचली तेव्हा लेखक अंथरुणावरून लिहीत होता हे मला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा त्यातले दौडणारे घोडे मी पुन्हा वाचले.

आणि आजचं उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. सेलू तालुक्यातले आसाराम लोमटे वर्तमानपत्रात बातमीदारी करत आले. 'आलोक' या कथासंग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर त्यांनी 'तसनस' ही कादंबरी लिहिली. तिकडे जत तालुक्यातल्या नवनाथ गोरेंनी मजुरी करत शिक्षण घेतलं आणि 'फेसाटी' लिहिली. 2018 चा युवा पुरस्कार त्या पहिल्याच पुस्तकाला मिळाला.

लोक वेळेचं विचारतात, म्हणून तेही सांगतो. मोंढ्याचा एक नेम आहे, रोजमेळ त्या दिवशीच जुळवायचा. रात्रीचे अकरा वाजले तरी चालतील, पण शिल्लक जुळल्याशिवाय गादीवरून उठायचं नाही. आजची चूक उद्यावर गेली की दहा जागी शिरते. मी कादंबरीला तोच नेम लावला. पहाटे चारला उठून एक पान. चांगलं असो, वाईट असो, त्या दिवसाचं पान त्याच दिवशी. हंगामात, तुरीची आवक सुरू झाली की, अर्धंच व्हायचं. तीन वर्षं दोन महिने लागले. कादंबरीत एका माणसाला मी सुरुवातीला बैल विकताना दाखवलं होतं आणि विसरून गेलो. शेवटच्या वाचनात खतावणी तपासताना सापडते तशी ती बाकी सापडली. त्याला परत आणला.

मामू पुस्तक छापून यायच्या आधी गेले. नवं प्रकरण मात्र त्यांना वाचून दाखवता आलं. पायरीवर बसण्यापाशी आलो तसे ते मान हलवत होते. संपल्यावर म्हणाले, "आता बराबर हाय. पन त्यानं चहाचे पैशे सोताच द्यावे. तुमच्या दुकानाच्या नावावर नगं." मी ते वाक्य बदललं. पुस्तकात तो माणूस चहाचे पैसे स्वतः देतो.

या गावात मला ठाऊक आहे की वह्या आहेत. एका कंपाउंडरची आहे, एका निवृत्त तलाठ्याची आहे, अंगणवाडीतल्या एका ताईची आहे, आणि ठाऊक नसलेल्या किती असतील. तुमच्या तोंडात रोज जे शब्द आहेत, औषधाच्या पुड्यांचे, सातबाऱ्याच्या फेरफाराचे, पोषण आहाराच्या नोंदींचे, त्यांतले कितीतरी अजून मराठी कादंबरीत आलेलेच नाहीत. ते तुम्ही आणले नाहीत तर दुसरं कोण आणणार?

मी रोज सकाळी सात ते नऊ गोदाकाठी घाटावर असतो. वही घेऊन या. अक्षर वाईट असलं तरी हरकत नाही, मला कुणाचंही अक्षर लागतं.