सोनामुखीच्या पाल्याचा बाजार

सोनामुखीचा पाला रेचक म्हणून जगभर विकला जातो. तमिळनाडूतील तिरुनेलवेली आणि राजस्थानातील जोधपूर हे त्याच्या लागवडीचे नामांकित भाग. हलक्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत, जिरायतीवरही हे पीक येते. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचतो. पाणी साचले तर मात्र पीक हातचे जाते.

पेरणीनंतर दोन-तीन महिन्यांनी पहिली तोडणी होते. फुलांचे तुरे खुडले की पाने अधिक फुटतात. तोडलेला पाला सावलीत पातळ पसरून, अधूनमधून हलवत वाळवावा लागतो. पिवळसर हिरवा रंग टिकला तर चांगला भाव मिळतो. पाला काळवंडला किंवा त्यात काड्या-माती आली, की व्यापारी लगेच दर पाडतो. खरी कमाई किंवा नुकसान ठरते ते शेतापेक्षा वाळवणीच्या खळ्यावरच.

निर्यातदार पाल्यातील सेनोसाइड या रेचक घटकाचे प्रमाण प्रयोगशाळेत तपासून दर ठरवतात. तमिळनाडूतील माल तुतिकोरिन बंदरातून परदेशी जातो. सोनामुखीला गहू-हरभऱ्यासारखा हमीभाव नाही. परदेशातील मागणी घटली की दर कोसळतो. म्हणून खरेदीदार निश्चित करूनच पेरणी करणे शहाणपणाचे. एकेकट्याने विकण्यापेक्षा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत तपासलेला माल एकगठ्ठा विकल्यास घासाघीस करायला बळ मिळते.