कच्चा लिंबू
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



समितीने मला विषय दिला, ‘आपले खेळ, तेव्हाचे आणि आताचे’. कारण विचारलं तर म्हणाले, तू कॉम्प्युटरवाली, तुला गेममधलं कळतं. खरं सांगायचं तर मी गेम बनवत नाही, हिशेबाची सॉफ्टवेअरं लिहिते. पण विषय मनाजोगता मिळाला.

आपल्या आईवडिलांच्या वेळी खेळणं विकत आणायची फारशी रीत नव्हती. झाडाची फांदी तासून विटीदांडू, सायकलची जुनी रिम काठीने पळवायची, करवंटीत भातुकलीचा भात. आपल्या वेळी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, कर्जतच्या बाजारातून गोट्या, भोवरा, प्लास्टिकचा चेंडू यायला लागला. एखाद्याकडे ‘व्यापार’चा डाव असला की त्याच्या ओटीवर गर्दी. बाकी सगळं राजमाचीच्या पायथ्याच्या जंगलाने फुकट दिलं. मे महिन्यात करवंदाच्या जाळीपाशी ‘कोंबडा की कोंबडी’: आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. पावसात घरात बसून चिंचोक्यांवर चल्लस-आठ. चिंचोका फोडला की एक बाजू पांढरी, एक काळपट. अशी चार अर्धुकं टाकायची. चारही पालथी पडली की आठ! दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर हे दान सोळांत एकदाच. इंजिनिअरिंगला शून्य आणि एकचं गणित शिकवलं, तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं.

नव्वदच्या दशकात हातातला ब्रिक गेम आला. मूळचा तो टेट्रिस, १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्हने लिहिलेला. १९९७ मध्ये नोकियाच्या फोनमध्ये साप आला. माझ्या मुलाच्या वेळी बेब्लेड, म्हणजे आपलाच भोवरा, फक्त जाळी गेली. मग पब्जी. त्यावर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, तर मुलांनी दुसरा गेम शोधला.

नव्या खेळांना नावं ठेवायला मी उभी नाही. त्यांवर माझ्यासारख्यांचं पोट चालतं. पण त्यातला एक फरक मला रोज दिसतो. साप भिंतीला लागला की मेला. तिथे भांडायला, ‘ए, हे धरायचं नाही’ म्हणायला कोणी नसतं. आपल्याकडे होतं. लहान भावंड कडेवरून उतरून आलं की आपण म्हणायचो, हा कच्चा लिंबू. तो पळेल, ओरडेल, पण आउट झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. खेळता खेळता शिकायचा आणि एक दिवस स्वतःच सांगायचा, मी आता कच्चा लिंबू नाही.

आता एक आठवण. आपल्या वर्गात कातकरवाडीची एक मुलगी होती. तिचं नाव इथे घेत नाही, तुम्हाला आठवेल. आपल्या सगळ्या मुलींचे सागरगोटे तिनेच आणलेले, काटेरी वेलीवरच्या शेंगा फोडून. एक सागरगोटा वर उडवून खालचे चारही एका झपाट्यात उचलणारी ती एकटीच. मुलं तिला घाबरायची, कारण सागरगोटा फरशीवर घासून चटका द्यायची.

दिवाळी झाली की तिचे आईवडील वीटभट्टीवर जायचे, तीही जायची. पावसाच्या तोंडावर परत. मैदानात ती आली की आपण सरकून जागा करायचो आणि डाव पुढे सुरू. वर्गात मात्र गणित पुढे गेलेलं असायचं. तिथे तिला कच्चा लिंबू म्हणून कोणी घेतलं नाही. यात कुणा एकाचा दोष काढत नाही, तशी सोयच नव्हती. पाचवीनंतर ती दिसली नाही. तिने दिलेले पाच सागरगोटे कितीतरी वर्षं माझ्या कंपासपेटीत होते. ती कुठे गेली, हे मात्र मी एकदाही विचारलं नाही.

आज हॉलमध्ये शिरताना मी यादी पाहिली. तिचं नाव नाही. नसणारच. यादी आपण दहावीच्या निकालावरून केली.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सोय आहे. शाळा सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला खास शिकवायचं. वाचलं तेव्हा मला हसू आलं. हा तर आपला कच्चा लिंबू! फक्त कागदावरचा नियम मैदानातल्यासारखा आपोआप चालत नाही, कोणीतरी सरकून जागा करावी लागते.

म्हणून दोन विनंत्या. पुढच्या मेळाव्याची यादी पहिलीच्या हजेरीपटावरून करूया. आणि शाळेला संगणक देण्यासाठी जमवलेल्या निधीतला थोडा भाग भट्टीवरून परतणाऱ्या मुलांच्या जादा शिकवणीसाठी ठेवूया. सुट्टीत येऊन गणित मी शिकवीन. चिंचोके घेऊन येईन.

आणि तिचा पत्ता कोणाला ठाऊक असेल, तर जेवणाच्या वेळी मला सांगा.