दुसऱ्याचं काम बघताना



आपल्या मूल, सिंदेवाही, गडचिरोली भागातली मुलंमुली आता ग्राफिक डिझाइन शिकायला नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात, मुंबईच्या जे. जे.मध्ये जाऊ लागली आहेत. तिथे सर सांगतात, 'चांगलं काम बघा.' मग मोबाइलवर बिहान्स हे डिझायनरांची कामं दाखवणारं संकेतस्थळ उघडतं, एकामागून एक डिझायनरांच्या वेबसाइट उघडतात. तासभर बोट सरकत राहतं आणि शेवटी वहीत काही उतरत नाही. म्हणून आज बोलायचंय ते या बघण्याबद्दल.

आधी वेबसाइटची सजावट बाजूला सारा. अक्षरं उडत येतात, चित्रं सरकतात. हा साचा बऱ्याचदा तयार मिळतो. लोगो कपावर, पिशवीवर, दुकानाच्या पाटीवर झळकताना दिसतो. ते फोटोही तयार मॉकअपमध्ये, म्हणजे नमुन्याच्या चित्रात, बसवलेले असू शकतात. कप कधी छापलाच गेला नसेल. सरावासाठी केलेलं काम वाईट नसतं, पण तसं तिथे लिहिलेलं हवं. तेव्हा विचारा : गिऱ्हाईक कोण होतं? त्याची अडचण काय होती? बजेट किती, रंग किती, छपाई कशावर? ही उत्तरं ज्या पानावर सापडतील, तिथे थांबा.

मग कच्चं काम शोधा. पहिली रेखाटनं, टाकून दिलेले पर्याय आणि ते का टाकले याची दोन ओळींची कारणं. पक्क्या लोगोपेक्षा ही कारणं विद्यार्थ्याला जास्त शिकवतात. श्रेयही वाचा. फोटो कुणाचा, अक्षरं कुणाची, या माणसाचा वाटा नेमका केवढा? सहकाऱ्यांची नावं मोकळेपणानं देणाऱ्याच्या बाकीच्या सांगण्यावरही विश्वास बसतो.

आपल्यासाठी आणखी एक कसोटी आहे, देवनागरीची. इंग्रजी नाव देखणं आणि खाली मराठी नाव कसंबसं चिकटवलेलं, असं खूप दिसतं. शिरोरेषेची जाडी, जोडाक्षरं, वरच्या-खालच्या मात्रांना सोडलेली जागा, हे मोठं करून पाहा. आपल्याकडे याची परंपरा भक्कम आहे. विंडोजमधला 'मंगल' हा फॉन्ट रा. कृ. जोशींनी घडवला; ते मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवत. 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' आज कुणालाही फुकट वापरता येतो. तो डाउनलोड करा आणि एकेक जोडाक्षर निरखा.

आणि अक्षररचनाकार कमल शेडगे? कितीतरी मराठी नाटकांची शीर्षकं त्यांच्या हातून उतरली. ती लोकांपुढे यायची वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत, अरुंद रकान्यात, शेजारी दहा नाटकं दाटीवाटीनं उभी. तिथेही आपलं नाटक लांबून ओळखू यायला हवं, ही त्या अक्षरांची अट होती. ते २०२० साली गेले. त्यांचं 'माझी अक्षरगाथा' हे पुस्तक मिळवून पाहा.

हीच नजर आता घराजवळ वळवा. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचं मोठं केंद्र. गावोगावच्या भिंतींवर पोस्टर लागतात. नाटकाचं नाव, कलावंतांचे चेहरे, कंपनी, गाव, तारीख, सगळं एका कागदावर. शहरातला डिझायनर याला गर्दी म्हणेल. पण चेहरा ओळखून नाटकाला जाणारा प्रेक्षक असेल, तर चेहरे कमी करून कसं चालेल? इथे विचारायचं ते असं : मोटारसायकलवरून जाणाऱ्याला आधी काय दिसतं? तारीख आणि गाव एका नजरेत सापडतात का? पोस्टरासारखाच आपल्या राइस मिलचा कट्टा, म्हणजे तांदळाचं पोतं, पाहा. प्लास्टिकच्या विणीवर बारीक रेघ फुटते, रंग मोजकेच, आणि थप्पी लागली की कट्ट्याची एकच बाजू दिसते. या अटींमध्ये ब्रँडचं नाव कसं बसवाल?

तर येत्या सुटीत एवढं करा. तीन वेबसाइट निवडा, प्रत्येकीतलं एकच काम घ्या. त्या कामापुढे कोणता प्रश्न होता, ते एका वाक्यात लिहा. मग डिझायनरनं घेतलेला एक निर्णय बदलून ते काम हातानं पुन्हा काढा; काय बिघडलं, काय सुधारलं ते कळेल. चौथं काम मात्र आपल्या गावातलं घ्या, एखादं पोस्टर किंवा एखादा कट्टा. पुढे तुमची स्वतःची वेबसाइट होईल, तेव्हा पहिल्या पानावर तेच ठेवा, आणि गिऱ्हाईक कोण, अडचण काय, तेही लिहा.