कर्णबधिर मुलाची शाळा

मूल सहा वर्षांचे झाले की शाळेचा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो. परंतु ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याच्या घरी या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. हे मूल कोणत्या भाषेत शिकणार? इतर मुले भाषा घेऊन शाळेत जातात. कर्णबधिर मुलाला पुष्कळदा भाषाच शाळेतून घरी आणावयाची असते. म्हणून त्याची शाळा निवडणारे आईबाप नकळत त्याची भाषाही निवडीत असतात.

या निवडीमागे एक जुना वाद आहे. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने असा ठराव केला की, बधिर मुलांना वाणीनेच शिकवावे, हातांच्या खुणांनी नव्हे. ज्यांच्याविषयी हा निर्णय होत होता, त्या बधिरांचा आवाज त्या सभेत जवळजवळ नव्हताच. त्या ठरावाची छाया जगभरच्या शाळांवर शंभर वर्षे राहिली आणि २०१० साली व्हँकूव्हरच्या परिषदेत तो झिडकारला गेला. आपल्या देशात भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत स्वतंत्र केंद्र निघाले ते २०१५ साली. तिचा तीन हजार शब्दांचा पहिला कोश २०१८ साली प्रसिद्ध झाला.

वाणीच्या मार्गात काय कष्ट असतात, हे आरशासमोर उभे राहून कोणालाही पाहता येईल. ‘बाळ’ आणि ‘माळ’ हे शब्द आवाज न काढता उच्चारावेत. ओठांत तिळमात्र फरक दिसत नाही. श्रवणयंत्राने किंवा कानातील शस्त्रक्रियेने ज्यांना पुरेसे ऐकू येते, त्यांना हा मार्ग साधतो आणि उत्तम साधतो; परंतु सर्वांना साधतोच असे नाही. त्यातून इंदूर, रायपूर किंवा दिल्ली येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाची अडचण दुहेरी. आजी मराठीत बोलणार, बाई हिंदीत शिकविणार, पुस्तक कदाचित इंग्रजीत असणार. ऐकणारे मूल तिन्ही भाषा खेळता खेळता उचलते. न ऐकणाऱ्या मुलाला प्रत्येक शब्द कमवावा लागतो. अशा घरी सांकेतिक भाषा आईबापांनी आणि आजीनेही शिकणे, हा पुष्कळदा सर्वांत जवळचा रस्ता ठरतो.

कायद्याने निवड पालकांच्या हाती दिली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकतिसाव्या कलमान्वये चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत, शेजारच्या शाळेत किंवा इच्छेनुरूप विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग मुले वंचित गटात आली आणि खाजगी विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांचा दरवाजा त्यांना उघडला. प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेण्यासही त्याच कायद्याने मनाई आहे.

असे असूनही नकार मिळतो; मात्र तो कागदावर क्वचितच उतरतो. ‘आमच्याकडे तसे शिक्षक नाहीत, मुलाच्याच हिताचे होणार नाही,’ असे अत्यंत सौजन्याने सांगण्यात येते, चहाही दिला जातो, आणि पालक खाली मान घालून परततात. तोंडी नकाराला दाद मागता येत नाही असे नव्हे, परंतु तो सिद्ध करणे कठीण. यास्तव अर्ज लेखी द्यावा, तारखेची पोच घ्यावी आणि नकाराचे कारणही लेखी मागावे. त्यानंतर शिक्षणाधिकाऱ्याकडे व राज्याच्या दिव्यांग आयुक्ताकडे जाण्यास आधार राहतो. एवढी मागणी केल्यावर काही शाळांचे मत बदलते, हेही सांगितले पाहिजे.

होकार मिळाला तरी तपास संपत नाही. वर्ग भरलेला असताना तेथे अर्धा तास बसावे. पंखा खडखडतो काय, वर पत्रा आहे काय? श्रवणयंत्र गोंगाटही तितक्याच निष्ठेने मोठा करते. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात काय? खिडकी त्यांच्या पाठीमागे असेल तर चेहरा काळोखात जातो आणि ओठ दिसेनासे होतात. विशेष शाळेत पाहावयाची गोष्ट निराळी आहे: शिक्षकांचे हात सफाईने चालतात काय, आणि मधल्या सुट्टीत मुले आपापसात कशी बोलतात.

नोकरपेशातील घरांवर बदलीचेही सावट असते. केंद्र सरकारने २०१४ च्या आदेशाने दिव्यांग पाल्याचा सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्यांना, प्रशासकीय अडचणींच्या मर्यादेत, नेहमीच्या बदल्यांतून सूट देण्याची तरतूद केली. अनेकांना तिची वार्ता नसते. मुलाने एका शाळेत, एका शिक्षिकेच्या हातांची वळणे ओळखण्यास नुकता आरंभ केलेला असतो. आणि घरी ट्रंका बांधल्या जातात.